ओलं हाय

"आक्का" म्हणत अमरसिंह प्रयोगशाळेत शिरला, तेव्हाच विजयमालानं ओळखलं की ह्याला सही पाहिजे.

एरवी तो तिला मॅडम म्हणायचा. वाळूचा ट्रक तिनं नापास केला की "अहो मॅडम", आणि गिऱ्हाइकांसमोर "आमच्या मॅडम". आक्का ती वर्षातून एखाद्या वेळीच व्हायची आणि नंतर दर वेळी तिला पश्चात्ताप झाला होता. त्याचे वडील हयात असताना हा शाळेच्या गणवेशात इथं यायचा आणि तिच्या तराजूवर खडू मोजायचा. खडूचं वजन किती हे त्यानं कधी विचारलं नाही. आकडे चमकतात कसे, एवढंच त्याला बघायचं असायचं. आता कारखाना त्याचा होता, आणि आवड बदललेली नव्हती.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या फौंड्रीत विजयमाला मगदूम सत्तावीस वर्षं वाळू तपासत होती. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यांत ओतायचं, ट्रॅक्टरचे आणि पंपांचे भाग काढायचे, हे इथलं काम. वाळूत पाणी किती, माती किती, वाफ बाहेर पडायला वाट किती, हे तिनं सांगायचं. रसायनशास्त्रात एम. एस्सी. करून जन्मभर वाळू चाळली, असं राजारामपुरीतले तिचे नातेवाईक म्हणत. ती उत्तर देत नसे. ज्यांना साडेतीन टक्के आणि साडेचार टक्के यांतला फरक कळत नाही, त्यांच्याशी वाद घालायची तिला हौस नव्हती.

अमरसिंहाच्या मागून राजवीर आला. हा पुण्याचा सल्लागार. परदेशी गुंतवणूक आणून देतो म्हणून गेले दोन महिने तो कारखान्याच्या पैशानं जेवत होता. बूट फिकट पिवळे, त्यामुळे फौंड्रीत तो नेहमी पाय उचलून चालायचा, चिखलात सापडलेल्या बगळ्यासारखा.

"शनिवारी पाहुणे येतायत, आक्का," अमरसिंह म्हणाला. "युरोपातली पंपाची कंपनी. शेजारच्या प्लॉटवर नवा कारखाना, आपल्याशी भागीदारीत. त्यांनी तीन जागा निवडल्यात. तुर्कस्तान, व्हिएतनाम आणि आपण."

"बरं."

"आपण दोन्ही ठिकाणांच्या पुढं आहोत. फक्त एका ओळीत मागं आहोत."

राजवीरनं एक तक्ता टेबलावर ठेवला. वीज, जमीन, मजुरी, बंदरापर्यंतचं अंतर, अशा ओळी. हिरवे ठिपके आणि लाल ठिपके. खालच्या एका ओळीत कोल्हापूरच्या पुढं ठसठशीत लाल ठिपका होता. ओळीचं नाव होतं : उत्पादन थांबवण्याचा कामगाराचा अधिकार. कोल्हापूर : आहे. व्हिएतनाम : नाही. तुर्कस्तान : नाही.

"हा तुमचा ओल्याचा नियम," राजवीर म्हणाला. "गुंतवणूकदार असलं काही बघितलं की बिचकतो, मॅडम. जगात स्पर्धा फार आहे."

ओल्याचा नियम म्हणजे काय, ते त्या फौंड्रीतल्या कुणालाही विचारलं तरी सांगता आलं असतं. वितळलेल्या लोखंडाला तिथं रस म्हणत. चौदाशे अंशांचा हा रस पाण्यावर पडला, तर खाली दबलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ वरचं लोखंड उडवून लावते. वाटीभर पाणी पुरतं. बावीस वर्षांपूर्वी पुरलं होतं. पत्र्यातून गळलेलं पाणी जमिनीवर साचलं होतं, त्यावर रस सांडला आणि गुंडूचे दोन्ही डोळे गेले. गुंडू हा आता रस ओतणाऱ्या केरबाचा थोरला भाऊ. त्यानंतर कामगारांनी नऊ दिवस भट्टी पेटू दिली नाही. अमरसिंहाच्या वडिलांनी शेवटी करारात एक कलम घातलं : रस ओतणाऱ्यानं "ओलं हाय" म्हटलं की ओतकाम थांबेल, प्रयोगशाळा तपासून "कोरडं" म्हणेपर्यंत पुन्हा सुरू होणार नाही, आणि का थांबवलंस असं त्याला कुणीही विचारणार नाही. "ओलं आहे" असं शुद्ध लिहावं, असं त्या वेळच्या वकिलांनी सुचवलं होतं. म्हातारा म्हणाला होता, ज्याला ओरडायचंय तो जसं ओरडणार, तसंच लिहा.

आता त्या म्हाताऱ्याच्या मुलानं कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं की वाळूतला ओलावा मोजणारं स्वयंचलित यंत्र बसवलेलं असल्यानं ओतकाम थांबवण्याचा स्वतंत्र अधिकार कामगाराकडे असण्याची तांत्रिक आवश्यकता उरलेली नाही. खाली तिचं नाव, हुद्दा आणि सहीची जागा.

"युनियनची माणसं तुमच्या शब्दाबाहेर नाहीत," अमरसिंह म्हणाला. "प्रयोगशाळेनं लिहून दिलं तर कलम काढायला तयार आहेत. तीनशे चाळीस घरं आहेत आपल्यावर, आक्का. हे काम व्हिएतनामला गेलं तर त्यांना काय सांगू?"

तीनशे चाळीस हा आकडा त्यानं फार हळवा होऊन उच्चारला. गेल्या दिवाळीत याच तीनशे चाळीस माणसांना त्यानं शंभर ग्रॅम कमी भरलेले मिठाईचे बॉक्स वाटले होते. विजयमालानं एक बॉक्स तराजूवर ठेवला होता, म्हणून तिला माहीत होतं.

तिनं कागद दोनदा वाचला. ओलाव्याची मर्यादा छापताना दशांशचिन्ह चुकलं होतं, साडेतीनच्या जागी पस्तीस टक्के झालं होतं. तिनं ते दुरुस्त केलं. मग सही केली.

का केली, हे तिनं स्वतःला नंतर अनेकदा विचारलं. यंत्र खरंच होतं, हे एक. तीनशे चाळीस घरं, हे दुसरं. पण खरं कारण असं की त्या दोघांच्या अकलेबद्दल तिला इतका तिटकारा होता, की त्यांच्या कागदाला काही किंमत असेल असं तिला वाटलंच नाही. मूर्खांचा कागद म्हणून तिनं त्यावर सही केली. आणि त्यातही दशांशचिन्ह तेवढं नीट करून दिलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. कलम रद्द. सोबत तिच्या सहीच्या कागदाची प्रत.

दुपारी केरबा प्रयोगशाळेच्या दाराशी आला. पन्नाशीचा, हातांवर जुन्या ठिणग्यांचे डाग, गळ्यात पंचा. तो आत कधी येत नसे. चपलेला वाळू असते म्हणून.

"सही केलीसा म्हनं, मॅडम?"

"केली."

"चांगलं केलंसा. आमालाबी वरडायचा तरास व्हताच. आता ओलं असलं तर तुमचं यंत्रच वरडंल न्हवं?"

विजयमाला म्हणाली, "यंत्र वाळूचं पाणी मोजतं, केरबा. वाळू कालवतात तिथं बसवलंय ते."

"आनि जमिनीचं?"

तिनं टेबलावरची डबी उचलली आणि परत तिथंच ठेवली.

"म्हंजे जमिनीचं कोन मोजनार?" केरबानं अगदी सरळ विचारलं, एखाद्या पाहुण्याला बसचा नंबर विचारावा तसं. मग स्वतःच म्हणाला, "ऱ्हाऊ दे. गुंडूदादा इचारत व्हता, म्हनून आलतो. त्याला दिसत न्हाय, पन कुनीतरी वाचून दावलं असंल." आणि गेला.

त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती संध्याकाळी घरी गेली, ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. तिला सगळं माहीत होतं. यंत्र कुठं बसवलंय, काय मोजतं, काय मोजत नाही, हे तिला सही करतानाही माहीत होतं. तिनं खोटं लिहून दिलं नव्हतं. खरं तेवढंच लिहून दिलं होतं, आणि त्या दोघांना नेमकं तेच हवं होतं.

शनिवारी सकाळी आठ वाजता ती कारखान्यात पोचली तेव्हा फाटकावर झेंडूची कमान होती. झाडलोट करणारी तानाबाई फाटकासमोर सडा घालून रांगोळी काढत होती. विजयमालाला बघून ती उठून उभी राहिली.

"आक्का, आत जावा बिगीबिगी. त्या येड्यांनी आतबी सडा मारलाय."

तानाबाई तिला रोजच आक्का म्हणायची, आणि तिला काही नको असायचं.

"आत कुठं?"

"रसाच्या वाटंवर. मी म्हनलं, आवं हितं पानी चालत न्हाय. तर ते बूटवालं मला म्हनतंय, मावशी, धूळ बसायला पाहिजे, पावन्यांचं फोटो काढायचेत. राजारामपुरीतनं लग्नाची सजावटवाली पोरं आनलीत, पायपानं पानी मारालीत."

विजयमाला धावली. सत्तावीस वर्षांत ती कारखान्यात कधी धावली नव्हती.

भट्टीपासून साच्यांच्या रांगेपर्यंत जो कोरड्या वाळूचा रस्ता रोज पसरलेला असायचा, तो झाडून काढला होता. खालच्या काँक्रीटवर पाणी मारलं होतं आणि त्यावर भलीमोठी रांगोळी होती : कमळ, मध्ये हात जोडलेली आकृती, आणि इंग्रजीत स्वागत. काँक्रीटच्या खड्ड्यांत पाणी चमकत होतं. कोल्हापूरचा पाहुणचार मोठा खरा. पाहुणा कुठून आला आणि कुठं उभा राहणार, याचा विचार मात्र सडा घालणाऱ्यानं करायचा नसतो.

आणि पाहुणे आलेले होते. मार्टेन नावाचा एक उंच इंजिनिअर, डोक्यावर नवं हेल्मेट, खांद्यावर कुणीतरी पांघरलेली शाल. त्याच्या शेजारी अमरसिंह, कोल्हापुरी फेट्यात. मागं राजवीर, पाय उचलून. आणि समोर, क्रेनच्या आकड्याला टांगलेलं, रसानं भरलेलं लॅडल. म्हणजे रस वाहून न्यायचं ते पोलादी भांडं, अर्धा टन लोखंड पोटात घेऊन भट्टीपासून निघालेलं. ते वळवायचं आणि कलतं करायचं चाक केरबाच्या हातात होतं.

रांगोळीच्या अलीकडं चार हातांवर केरबा थांबला. त्यानं खाली बघितलं.

"ओलं हाय," तो म्हणाला.

पूर्वी हा शब्द एकाच्या तोंडून निघाला की सगळ्या शेडमध्ये फिरायचा. ओलं, ओलं, ओलं, असं एकेकजण ओरडायचा आणि शेवटी क्रेनवाल्याच्या घंटेपर्यंत पोचायचा. आज कुणी ओरडलं नाही. क्रेनवाल्यानं वरून अमरसिंहाकडं बघितलं.

"काका, रांगोळी पुसू नका फक्त," राजवीर म्हणाला. "बाजूबाजूनं घ्या."

"ओलं हाय म्हनतोय मी."

अमरसिंह पाहुण्याकडं बघून हसला आणि हसू न मोडता दबक्या आवाजात बोलला. "केरबा, आज नाटकं नकोत. ते कलम गेलंय. मॅडमनी लिहून दिलंय. चल पुढं."

रस थांबत नाही. दहाएक मिनिटांत तो थंड होऊ लागतो आणि मग साच्यात ओतायच्या लायकीचा राहत नाही. हे अमरसिंहालाही माहीत होतं. त्याला फौंड्रीतलं एवढंच पाठ होतं. त्यानं क्रेनवाल्याला बोटानं खूण केली, पुढं.

केरबानं चाक सोडलं नाही. त्यानं मान वळवली.

"मॅडम, तुमी सांगा की. लिवलंय तुमी. ओलं हाय का न्हाय?"

सगळी शेड तिच्याकडं बघत होती. विजयमाला रांगोळीपाशी गुडघ्यावर बसली. पांढरा कोट पाण्यात गेला. तिनं बोट टेकलं, कमळाची एक पाकळी बोटाला लागून आली. मोजायला तराजूची गरज नव्हती, वाळू तापवायच्या भट्टीची नव्हती, एम. एस्सी.चीही नव्हती. तानाबाईला लांबून दिसलं होतं.

"ओलं आहे," ती म्हणाली.

तिचा आवाज पुरला नाही. भट्टीच्या घरघरीत तो दोन हातांवर विरला. क्रेनवाल्याचा हात बटणावर होता. तिनं उठून उभं राहत पुन्हा श्वास घेतला आणि जन्मात कधी ज्या बोलीत बोलली नव्हती त्या बोलीत ओरडली.

"ओलं हाय!"

"ओलं!" भट्टीवरून कुणीतरी ओरडलं. "ओलं हाय रं!" साच्यांकडून. "ओलंऽऽ!" आणि क्रेनची घंटा वाजली. लॅडल मागं सरकत सरकत भट्टीकडं गेलं आणि रस परत भट्टीत ओतला गेला. केरबानं पंच्यानं तोंड पुसलं. अमरसिंहाच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथंच होतं. ते काढायला तो विसरला असावा.

मार्टेननं विजयमालाला इंग्रजीत विचारलं, हा माणूस काय म्हणाला? तिनं सांगितलं. जमिनीवर पाणी आहे, म्हणून त्यानं काम थांबवलं.

"बरोबर केलं," मार्टेन म्हणाला. मग त्यानं फाइल उघडली. "पण तुमच्याकडं तर हा अधिकार नाही ना? तुम्ही याच आठवड्यात कळवलंत की काढून टाकला. मला जरा नवल वाटलं होतं."

"व्हिएतनाममध्येही नाही, म्हणून काढला," ती म्हणाली.

"व्हिएतनाममध्ये आहे. कायद्यानंच आहे. तुर्कस्तानातही आहे." त्यानं आपला तक्ता तिच्यापुढं धरला. त्याच ओळी, तेच रकाने. फक्त लाल ठिपका नव्हता. या ओळीत एकच जागा वेगळी दिसत होती, आणि तिथं लिहिलं होतं : कोल्हापूर, नाही. "उलट व्हिएतनामचा मालक मला परवा विचारत होता. म्हणे, कोल्हापूरनं सोडलाय असं ऐकतो, आम्हीही काही करू शकतो का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

मार्टेननं खांदे उडवले. "आम्ही तर हे मागितलंच नव्हतं. पण कुणी स्वतःहून देत असेल, तर आम्ही नको कशाला म्हणू?"

हे तो अगदी सौम्यपणे म्हणाला, खांद्यावरची शाल सावरत. विजयमालाला वाटलं, हा या दोघांपेक्षा हुशार आहे आणि म्हणून जास्त किळसवाणा आहे. याला काही मागावंच लागत नाही. तो नुसता तीन गावांत फिरून येतो, आणि लोक एकमेकांच्या नावानं आपलीच माणसं सोलून त्याच्या पुढ्यात ठेवतात.

ती केरबाकडं वळली आणि मार्टेन जे बोलला ते सगळं मराठीत सांगितलं, शब्द न शब्द, राजवीरच्या तक्त्यातल्या लाल ठिपक्यासकट, शेडमधल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.  भट्टीपाशी एकजण हसला.

"मग ते लाल कुनी घातलंतं?" केरबानं विचारलं.

सगळ्यांनी राजवीरकडं बघितलं.

"ते इंडिकेटिव्ह होतं," राजवीर म्हणाला.

"म्हंजे काय वो, पावनं?"

"म्हणजे अंदाजे."

"आसं व्हय," केरबा म्हणाला. "अंदाजं." तो शब्द त्यानं तोंडात घोळवला आणि वाळूवर थुंकला.

आठवड्यानं वर्तमानपत्रात बातमी आली. कंपनीनं व्हिएतनाम निवडलं नव्हतं, तुर्कस्तानही नव्हतं. शेजारच्या राज्यानं जमीन फुकट दिली होती आणि दहा वर्षांची वीज निम्म्या दरानं. बातमीखाली चौकटीत अमरसिंहाचा फोटो होता, फेट्यातला. कामगारांच्या आडमुठेपणामुळं कोल्हापूरची गुंतवणूक गेली, अशी खंत त्यानं व्यक्त केली होती. विजयमालानं बातमी वाचली, ते पान उलटं केलं आणि त्यावर ओली वाळू पसरून वाळत ठेवली. कागद जाड होता, पाणी चांगलं शोषत होता.

मग तिनं एक पत्र लिहिलं. माझ्या दाखल्यात ज्या यंत्राचा उल्लेख आहे ते जमिनीवरचं, भांड्यातलं किंवा पत्र्यातून गळणारं पाणी मोजत नाही. मी हे जाणत होते आणि लिहिलं नाही. म्हणून तो दाखला मी मागं घेत आहे. तारीख, सही. तिनं ते मराठीत लिहिलं, टाचणी घेतली आणि फळ्यावर कलम रद्द झाल्याच्या सूचनेवर टोचलं, अगदी बरोबर वर, की खालची ओळ दिसू नये.

पाऊण तासात अमरसिंह आला.

"आक्का, हे काय केलंत?"

"दाखला मागं घेतला."

"असा घेता येत नाही. तुमची दोन वर्षं राहिलीत नोकरीची. मला काही करायला लावू नका."

विजयमालानं टेबलावरचा गठ्ठा त्याच्यापुढं ठेवला. त्या दिवशी बाहेर जाणाऱ्या मालाचे चौदा दाखले होते. प्रत्येकावर तिची सही लागायची, त्याशिवाय एक ट्रक फाटकाबाहेर जात नसे. कोऱ्याच होत्या सगळ्या जागा.

"माझ्या एका सहीला किंमत नसेल तर बाकीच्यांनाही नाही," ती म्हणाली. "ती सूचना काढा, कलम परत लावा. मग मी या सह्या करते."

"आक्का..."

"मॅडम म्हणा."

तो उभा राहिला. तराजूच्या आकड्यांकडं बघत राहिला. शून्य शून्य शून्य शून्य. मग गेला. दुपारी ती सूचना फळ्यावरून काढली गेली आणि जुनं कलम तिथं परत आलं. केरबाच्या बोलीतलं, वकिलांनी शुद्ध न केलेलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीत लॅडल भरलं, क्रेननं उचललं आणि कोरड्या वाळूच्या रस्त्यावर आणलं. मधोमध आल्यावर केरबानं चाक धरलं.

"ओलं हाय."

ओलं, ओलं, ओलं, शब्द शेडभर फिरला. घंटा वाजली. क्रेन थांबली. वरच्या काचेच्या केबिनमध्ये अमरसिंह उठून उभा राहिला, घड्याळ बघितलं, दार उघडलं आणि परत लावलं.

विजयमाला डबी घेऊन आली. केरबानं बोट दाखवलं तिथली वाळू उचलली, चिमटीत चोळली, प्रयोगशाळेत नेऊन वजन केलं, तापवलं, पुन्हा वजन केलं. पाच मिनिटं लागली. ती परत आली.

"कोरडं आहे, केरबा. चांगलं खडखडीत."

"ठावं हाय की," केरबा म्हणाला. "थांबतंय का, त्ये बघितलं."

आणि त्यानं चाक फिरवलं.